वहिवाट

एडेलच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा
डोंगर आहे की नाही ते सांगता येत नव्हतं.
ढग चर्चच्या घंटेपर्यंत खाली आलेला,
आणि माझा नवा गुडघा, सात महिन्यांचा,
पहिल्याच फाटकाशी कुरकुरला.

एनिड ग्रिमशॉ पुढे. वय अठ्ठ्याहत्तर.
खांद्यावर पहार, पाठीला थर्मास,
आणि दर शनिवारचं तेच वाक्य :
"माझ्यासाठी थांबू नका, मीच तुमच्यासाठी थांबते."

गडग्याच्या कडेकडेनं चढलो.
चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड,
फटीफटीत मेंढ्यांची लोकर अडकलेली.

वर पठारावर पीट. काळं, ओलं,
बूट गिळून ढेकर देणारं.
चिखल चुकवायला जो तो दोन पावलं बाजूला सरकला,
त्याच्या मागचा आणखी दोन,
असं करत पायवाट हमरस्त्याएवढी रुंद झाली,
मग फुटली, वाहून गेली.
चालणाऱ्यांनीच वाटेची वाट लावली,
हे एनिडला इंग्रजीत सांगून पाहिलं.
जमलं नाही. एकटाच हसलो.

म्हणून आता फरश्या.
हेलिकॉप्टरनं पिशव्यांतून आणून टाकलेल्या,
कुठल्या कुठल्या पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनी.
दोन टोकांना दोन पहारी, "हं, आता",
आणि फरशी पीटवर बसते
डबक्यात म्हैस बसावी तशी,
सावकाश, आधी एक बाजू.

प्रत्येकीत चार भोकं.
मागांचे बोल्ट असायचे तिथं.
आता पावसाचं पाणी, एकात बुडालेला भुंगा.

"ही आमच्या शेडमधली असेल," एनिड म्हणाली.
मग लगेच, "नसेलही. सगळ्या सारख्याच."
पंधराव्या वर्षी ती ओल्डहॅमला मागावर लागली.
चारशे माग एकदम. बोललेलं ऐकू यायचं नाही,
तेव्हा बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या,
भांडायच्यासुद्धा तशाच.

माझे वडील धामणगावच्या जिनात
कापसाची प्रत ठरवायचे.
चिमूट घ्यायची, दोन अंगठ्यांत ओढायची,
धागा किती लांब ते बोटांना कळायचं.
गाठी कुठं जातात, विचारलं की म्हणायचे,
"मालगाडीत."
त्यांच्या आजोबांच्या वेळच्या इथवर आल्याही असतील.
एनिडला बोललो नाही.
तो हिशेब काढायला शनिवार पुरला नसता.

दलदलीत पांढरी बोंडं डुलत होती.
कापूसगवत म्हणतात याला.
वाकलो, गुडघा ओरडला,
चिमूट घेतली, वडिलांसारखी ओढली.
तट्कन तुटली.
"उशांत भरायचे पूर्वी," एनिड म्हणाली,
"पिसं परवडायची नाहीत ते."

नव्वद वर्षांपूर्वी हा डोंगर
शिकारी ठेवणाऱ्या बड्या लोकांचा होता.
एका रविवारी गिरण्या-कारखान्यांतली पोरं घुसली,
काही तुरुंगात गेली.
कायदा पुष्कळ नंतर झाला,
नकाशावर तुटक रेघ आली.
वहिवाट.
आमच्या बांधाच्या खटल्यात
अकरा वर्षं ऐकलेला शब्द,
तलाठ्याच्या शाईचा वास असलेला,
इथं पहिल्यांदा पायाखाली लागला.

दुपारी वारा असा सुटला
की टोपी धरावी का पहार ते कळेना.
एनिड फरशीच्या त्या टोकाला, मी या.
तिनं काहीतरी म्हटलं, वाऱ्यानं नेलं.
पुन्हा म्हटलं, पुन्हा नेलं.
मग ती थांबली, ओठ मोठे केले,
चारशे मागांपलीकडच्या बाईशी बोलावं तसं
एकेक अक्षर तोंडानं घडवून माझ्याकडे धरलं.

मला वाटलं, उचल.
मी पहार फरशीखाली घातली, जोर लावला.
वर बघितलं तर तिनं कप काढले होते.